सोनाराच्या घरचे कान

मराठीत एक म्हण आहे: सोनारानेच कान टोचावे लागतात. घरच्यांचं न ऐकणारा माणूस बाहेरच्या जाणत्याचं ऐकतो, असा तिचा रूढ अर्थ. पण ही म्हण ज्या प्रसंगातून आली तो डोळ्यांसमोर आणला, तर तिच्यात आणखी एक शहाणपण दिसतं. बाळाला मामाच्या नाहीतर आजीच्या मांडीवर बसवलेलं असतं. सोनाराच्या हातात बारीक तार असते. मांडी देणाऱ्याचे दोन्ही हात बाळाचं डोकं धरायला मोकळे असतात. टोचणारा एक, धरणारा दुसरा. बाळ कळवळतं, सोनाराकडे बघून रडतं आणि ज्याने धरलं त्याच्याच खांद्यात तोंड खुपसतं. दुखवण्याचं काम आणि धीर देण्याचं काम दोन वेगळ्या माणसांकडे असावं, हे कुणीतरी फार पूर्वी ओळखलेलं आहे.

पण घर सोनाराचंच असेल तर?

ज्या शिक्षक-शिक्षिकांच्या स्वतःच्या घरी विशेष गरजा असलेलं मूल आहे, त्यांच्याबद्दल विचार करताना मला ही म्हण आठवते. ही माणसं कसं निभावतात, असं आपण विचारतो. वरवर पाहता तो मानसशास्त्राचा, फार तर रजेच्या नियमांचा प्रश्न आहे. मला तो नीतीचाही वाटतो. एकाच माणसाने एकाच मुलाला मोजायचंही आणि न मोजता जवळही घ्यायचं, हे शक्य आहे का? शक्य नसेल, तर ते त्याच्याकडून मागण्याचा अधिकार आपल्याला कुठून आला?

मी भिलाईत पावर हाउस भागात राहते. रेल्वेमार्गाच्या एका अंगाला कारखान्याची टाउनशिप, तिचे नंबरांनी ओळखले जाणारे सेक्टर, सरळ रस्ते आणि झाडं. दुसऱ्या अंगाला जी. ई. रोड, बाजार आणि कॅम्प. १९५५ साली सोव्हिएत संघाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली, आणि देशभरातून माणसं इथे आली. त्यांत विदर्भातून आलेली मराठी कुटुंबंही होती. जमीन, वाडा, भाऊबंद हे सगळं मागे राहिलं. मुलांच्या हातात ठेवायला एकच गोष्ट उरली, ती म्हणजे शिक्षण. त्यामुळे या गावात पोलादाच्या खालोखाल कशाचं उत्पादन होत असेल तर ते निकालांचं. कोचिंग क्लासच्या फलकांवर मुलांचे चेहरे आणि त्यांखाली त्यांचे क्रमांक असतात. अशा गावात शिक्षकाचं मूल म्हणजे सोनाराच्या बायकोच्या अंगावरचा दागिना; न छापलेली जाहिरात. ते मूल हाक मारल्यावर वळून बघत नसेल, दुसरीत जायच्या वयाला त्याला अक्षरं लागत नसतील, तर 'दिव्याखाली अंधार' म्हणायला लोकांना फार वेळ लागत नाही. तोंडावर कुणी म्हणत नाही. पण पालकसभेत, मुलाच्या अभ्यासाबद्दल दोन शब्द सुनावणाऱ्या बाईंकडे समोरची आई ज्या नजरेने बघते, त्या नजरेत ते असतं.

माझा व्यवसाय अनुवादाचा. त्यामुळे ओळखीची माणसं कधी कधी मुलांचे तपासणी अहवाल घेऊन येतात. अहवाल इंग्रजीत असतो, आणि घरातल्या आजी-आजोबांना तो मराठीत किंवा हिंदीत समजावून सांगायचा असतो. त्यांत हमखास येणारा शब्द म्हणजे 'डेव्हलपमेंटल डिले'. 'विकासातला विलंब' असं त्याचं सरळ भाषांतर होतं, आणि तिथेच मी अडते. रेल्वेस्टेशनजवळ राहणाऱ्या माणसाला विलंब म्हणजे काय ते पक्कं ठाऊक असतं. गाडी दोन तास लेट आहे, चार तास लेट आहे, पण ती निघालेली आहे आणि येणार आहे. 'विलंब' ऐकला की आजी विचारते, मग कधी येईल? कधी बोलेल? अहवालात या प्रश्नाचं उत्तर नसतं. काही मुलांच्या बाबतीत ती गाडी येते, काहींच्या बाबतीत ती वेगळ्याच मार्गाने जाते, आणि आपण आपले त्याच फलाटावर उभे राहतो.

शिक्षकाला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. माझ्या ओळखीच्या एका प्राथमिक शिक्षिकेचं म्हणणं असं की, डॉक्टरांनी सांगण्याआधी कितीतरी महिने तिला ते कळलं होतं. वर्गातल्या मुलांत ती हेच तर बघत आली होती: कोण डोळ्याला डोळा देतं, कोण पेन्सिल कशी धरतं, कोणाला दोन सूचना एकापाठोपाठ दिल्या तर दुसरी हरवते. दुसऱ्याच्या घरी सांगायची वेळ आली असती तर तिने शब्द जुळवून सांगितलं असतं. स्वतःच्या घरी ते सांगणारं कुणी नव्हतं. सोनारही तीच होती आणि मांडीही तिचीच होती.

शिक्षक असण्याचा फायदा होत नाही असं नाही. कुठला कागद कुठल्या खिडकीवर द्यायचा हे शिक्षकाला लवकर कळतं. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये आला आणि मान्यताप्राप्त अपंगत्वांचे प्रकार एकवीस झाले. स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमताही त्यांत आहेत. चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्वाचं प्रमाणपत्र असलेल्या सहा ते अठरा वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. परीक्षेत लेखनिक मिळतो, जादा वेळ मिळतो. मजुरी करणाऱ्या आईला हे कळायला अनेक वर्षं जातात, आणि अनेकदा कळतच नाही. शिक्षिकेला हे माहीत असतं. पण ही माहिती घराच्या दाराबाहेरची आहे. दाराच्या आत तिचं प्रशिक्षण तिच्याविरुद्धही काम करू लागतं. दिवसाचे सहा तास ती त्याच वयाच्या चाळीस मुलांसमोर उभी असते. दुसऱ्या पालकांना तुलना टाळता येते. तिचा पगारच तुलनेचा आहे. संध्याकाळी घरी आल्यावर ती नजर काढून खुंटीला अडकवून ठेवता येत नाही.

पर्ल बक ही नोबेल मिळवणारी कादंबरीकार म्हणून आपल्याला ठाऊक आहे. ती शिक्षिकाही होती. चीनमध्ये नानजिंगला ती इंग्रजी साहित्य शिकवत असे. १९२० साली तिला मुलगी झाली, कॅरल. मुलीची बौद्धिक वाढ थांबली आहे हे हळूहळू लक्षात आलं. कारण होतं फिनाइलकीटोन्यूरिया, एक जन्मजात चयापचयदोष. पण तो आजार वैद्यकाला ओळखूच आला तो १९३४ मध्ये, नॉर्वेत, आणि तोही आपल्या दोन मुलांच्या लघवीला विचित्र वास का येतो हे विचारत डॉक्टरांचे उंबरे झिजवणाऱ्या एका आईच्या चिकाटीमुळे. बकला त्या वेळी यातलं काहीच माहीत नव्हतं. तिने जे येत होतं ते केलं: मुलीला शिकवायला घेतलं. रंग, गाणी, थोडं वाचन, थोडं लेखन. एके दिवशी अक्षर गिरवून घेण्यासाठी तिने मुलीचा हात हातात घेतला आणि तिला जाणवलं की तो हात घामाने भिजला आहे. मुलगी आईला बरं वाटावं म्हणून जिवाच्या आकांताने प्रयत्न करत होती; काय चाललं आहे ते तिला समजत नव्हतं. बकने पुस्तकं मिटली. १९२९ मध्ये तिने कॅरलला अमेरिकेत न्यू जर्सीतल्या व्हाइनलँड इथल्या संस्थेत ठेवलं, आणि हे सगळं जाहीरपणे लिहिलं ते १९५० मध्ये, 'द चाइल्ड हू नेव्हर ग्रू' या छोट्या पुस्तकात.

या प्रसंगातला घाम मला महत्त्वाचा वाटतो. वर्गात एखाद्या मुलाचा हात धरला आणि तो ओला लागला, तर चांगला शिक्षक थांबतो, कारण समोरचं मूल घाबरलं आहे हे त्याला दिसतं. स्वतःच्या मुलाच्या बाबतीत हे दिसणं अवघड होतं, कारण तिथे घाबरलेली दोन माणसं असतात. मुलाचा घाम कुठला आणि आपला कुठला, हे ओळखणं हाच शिक्षक-पालकाचा पहिला नैतिक धडा आहे. बक थांबली, हे तिचं मोठेपण. पण थांबल्यावर तिने मुलीला दुसऱ्यांच्या हाती सोपवलं, आणि त्यावर आजही उलटसुलट बोललं जातं. त्या काळात दुसरा मार्ग नव्हता असं म्हणून तो वाद मिटत नाही. तिला टोचणारा आणि धरणारा वेगळे करायचे होते, एवढं मात्र मला समजतं. दोन्ही कामं घरापासून समुद्रापार नेऊन ठेवावी लागली, ही त्यातली शोकांतिका.

दुसरं उदाहरण १९६७ सालचं. त्या एकाच वर्षी अमेरिकेत स्वमग्नतेवर दोन पुस्तकं आली. एक ब्रूनो बेटेलहाइम यांचं 'द एम्प्टी फोर्ट्रेस', म्हणजे रिकामा किल्ला. दुसरं क्लारा क्लेबोर्न पार्क यांचं 'द सीज', म्हणजे वेढा. बेटेलहाइम शिकागो विद्यापीठाच्या निवासी शाळेचे प्रमुख होते, म्हणजे तेही एका अर्थी शिक्षकच. मूल असं होतं ते आईबापांनी, विशेषतः आईने, मनातून त्याला नाकारल्यामुळे, असं त्यांचं प्रतिपादन होतं. त्याआधी, १९४३ मध्ये, लिओ कॅनर यांनी स्वमग्नतेचं पहिलं नीट वर्णन केलं तेव्हाच एक नोंद करून ठेवली होती की या मुलांचे पालक बहुधा उच्चशिक्षित आणि काहीसे कोरडे असतात. शिकलेल्या आईवर संशयाची सुई रोखण्याची तयारी तिथपासून होती. क्लारा पार्क इंग्रजीच्या अध्यापिका, चार मुलांची आई. धाकटी मुलगी स्वमग्न. 'द सीज'मध्ये त्यांनी तिच्या पहिल्या आठ वर्षांचा वृत्तान्त लिहिला आहे: एका शब्दासाठी, एका नजरेसाठी आखलेले लहान लहान डाव, त्यांतले थोडे यशस्वी, बरेच फसलेले. आईचा थंडपणा हे कारण नाही, हे पुढे संशोधनाने दाखवून दिलं; पार्कबाईंनी ते पानापानांतून आधीच दाखवलं होतं.

अनुवादक म्हणून मला या दोन शीर्षकांचं नवल वाटतं. दोघांनाही किल्ला दिसला. एकाला तो रिकामा दिसला आणि त्याने दोषी कोण ते बाहेर शोधलं. दुसरीला आत कुणीतरी आहे याची खात्री होती, म्हणून ती तळ ठोकून बसली. मराठी माणसाला किल्ल्याची गोष्ट सांगावी लागत नाही. वेढ्यात आतल्यांची रसद तुटते हे आपण इतिहासात शिकतो. वेढा घालणाऱ्यांचीही रसद संपते, पावसाळा आला की तंबू कुजतात, शिपाई घरी जायची भाषा करतात, हेही त्याच बखरींत असतं. पार्कबाईंच्या रूपकाची ती दुसरी बाजू मला शिक्षकांच्या घरांत दिसते. आतल्याला बाहेर बोलावताना बाहेरच्याची रसद कोण पुरवतं?

आणि दोषाचं म्हणाल तर बेटेलहाइम न वाचताही आपल्याकडे तो उपलब्ध असतो. आपल्याकडे मागचा जन्म असतो, गरोदरपणातलं ग्रहण असतं, नोकरी करणारी आई असते. शिक्षिकेच्या वाट्याला यांतलं शेवटचं हमखास येतं: दुसऱ्यांची मुलं घडवायला गेली आणि घरचं राहिलं. या वाक्यात एक हिशेब गृहीत आहे. माणसाकडे धीराचा ठरावीक साठा असतो, तो तिने शाळेत वाटून टाकला आणि घरी डबा रिकामा आणला, असा तो हिशेब.

धीर खरंच असा शिधा आहे का? मला वाटतं, काही अंशी आहे, आणि ते मान्य करण्यात कमीपणा नाही. दुपारी वर्गात पाचव्यांदा तोच पाढा शांतपणे सांगणारी बाई संध्याकाळी सहाव्यांदा सांगताना आवाज चढवते, तेव्हा तिचं प्रेम कमी झालेलं नसतं. दिवस संपलेला असतो. पण यातून काढायचा निष्कर्ष असा नाही की तिने एक काहीतरी निवडावं. निष्कर्ष असा की ज्याला आपण धीर म्हणून गौरवतो, त्याचा मोठा भाग खरं तर सोयीचा असतो. सोय नसली की धीर लागतो. धीराचं कौतुक केलं की सोय करायला लागत नाही.

एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर आलेलं एक प्रकरण इथे आठवतं. हिमाचल प्रदेशातल्या सरकारी महाविद्यालयात भूगोल शिकवणाऱ्या एका सहायक प्राध्यापिकेचा मुलगा जन्मापासून हाडं ठिसूळ करणाऱ्या आनुवंशिक विकाराने आजारी आहे. त्याच्यावर अनेक शस्त्रक्रिया झाल्या. तिच्या साऱ्या रजा संपल्या. केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना संपूर्ण सेवेत मिळून ७३० दिवसांची बालसंगोपन रजा मिळते, पण तिच्या राज्याने तो नियम स्वीकारलेला नव्हता. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड आणि न्यायमूर्ती जे. बी. पारडीवाला यांच्या पीठाने राज्याला धोरणाचा फेरविचार करायला सांगितलं. स्त्रियांचा नोकरीतला सहभाग ही कुणाची मेहेरबानी नाही, ती घटनेची अपेक्षा आहे. आणि अपंग मुलाच्या आईला अशी रजा नाकारणं हे त्या अपेक्षेच्या विरुद्ध जातं, असा त्या आदेशाचा आशय. या प्रकरणात मला दिलासा देणारी गोष्ट म्हणजे न्यायालयाने आईच्या त्यागाची स्तुती करून प्रश्न मिटवला नाही. दिवस मोजले.

हे दिवसही सगळ्यांना मिळत नाहीत. छत्तीसगढमध्ये शिक्षाकर्मी म्हणून नेमलेल्या शिक्षकांनी शालेय शिक्षण विभागात सामावून घेतलं जाण्यासाठी अनेक वर्षं वाट पाहिली. ते संविलयन सुरू झालं १ जुलै २०१८ पासून. पावर हाउससारख्या वस्तीतल्या लहान खाजगी शाळेत शिकवणाऱ्या बाईला तर रजा म्हणजे पगारातून कापलेला दिवस. विशेष शिक्षकांची गोष्टही तशीच. प्राथमिक स्तरावर विशेष गरजा असलेल्या दहा मुलांमागे एक आणि त्यापुढच्या स्तरावर पंधरा मुलांमागे एक, असं प्रमाण केंद्र सरकारने २०२२ मध्ये ठरवलं. ज्या शाळेत असा शिक्षक नाही, तिथे ते काम कुणाकडे येतं? ज्या बाईंना 'घरचा अनुभव आहे' त्यांच्याकडे. स्टाफरूममध्ये हे कौतुकाने म्हटलं जातं. तुम्हाला जमतं हो, तुम्हाला सवय आहे. म्हणजे दुसऱ्याच्या घरचा कान टोचायलाही तीच, आणि आपल्या घरचाही.

ज्याला माहीत आहे त्याच्यावर जास्त जबाबदारी येते, हे तत्त्व आपण सहज मान्य करतो. पोहता येणाऱ्याने बुडणाऱ्याला वाचवावं. पण जो स्वतःच पाठीवर एकाला घेऊन पोहतो आहे, त्याच्याकडे काठावरून बोट दाखवणं हा वेगळा प्रकार झाला. जाणिवेतून जबाबदारी निर्माण होते हे खरं. पण ती जाणीव ज्यांना नाही त्यांनी ती मिळवण्याची जबाबदारी आधी येते. काठावरच्यांनी पोहायला शिकायला हवं.

इथे कुणी म्हणेल, मग त्या थोर उदाहरणांचं काय? मुंबईत १९४४ साली वकील दांपत्याने डाउन सिंड्रोम असलेल्या आपल्या मुलीसाठी, दीनासाठी, शाळा सुरू केली; तीच आजची जय वकील संस्था. मिथू अलूर यांची मुलगी मालिनी हिला सेरेब्रल पाल्सी. अलूर लंडनला विशेष शिक्षणाचं प्रशिक्षण घेऊन आल्या आणि १९७२ मध्ये त्यांनी मुंबईत स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापन केली. दिल्लीत मेरी बरुआ यांनी मुलाच्या निमित्ताने १९९१ मध्ये ॲक्शन फॉर ऑटिझम उभी केली. या माणसांचं ऋण मोठं आहे. त्यांनी आपल्या घरच्या एका मुलासाठी वाट काढली आणि ती सगळ्यांसाठी खुली ठेवली. पण त्यांच्या गोष्टी आपण ज्या पद्धतीने सांगतो, तिच्यात एक अन्याय दडलेला असतो. दुःखाचं संस्थेत रूपांतर झालं की ते सार्थकी लागलं, असं आपण मानू लागतो. मग जिने संस्था काढली नाही, पुस्तक लिहिलं नाही, नुसतं मुलाला रोज न्हाऊ-माखू घालून सव्वासातची शाळा गाठली, तिच्या आयुष्याला काय म्हणायचं? संस्था काढणं हे पुण्य असेल. न काढणं हा दोष होऊ शकत नाही.

याच्याच जवळचं आणखी एक वाक्य शिक्षक-पालकांच्या तोंडी ऐकू येतं: या मुलीने मला चांगली शिक्षिका केलं. ते खरं असतं. अशा घरातून आलेल्या बाई वर्गातल्या मागच्या बाकावरच्या मुलाला 'लक्ष देत नाही' असा शेरा पटकन देत नाहीत. ज्या घरातून चाळीस पावलं चालायला वर्ष लागलं, तिथून आलेल्या माणसाला वर्गातलं एक पाऊलही दिसतं. तरीही हे वाक्य मला जपून वापरावंसं वाटतं. माणसाने माणसाला केवळ साधन मानू नये, हे कांटचं सूत्र आपण नीतिशास्त्राच्या पहिल्या धड्यात शिकतो. मुलगी ही आईच्या प्रशिक्षणाची सोय नव्हे. तिच्यामुळे कुणी सुधारलं नसतं, तरी तिच्या असण्याला उणेपणा आला नसता. एखादी आई थकल्या रात्री स्वतःला सावरायला हे वाक्य म्हणते तेव्हा त्यात काही गैर नाही. दुसऱ्यांनी तिला ते सांत्वन म्हणून ऐकवलं की मात्र त्याचा अर्थ होतो: चला, तुमच्या मुलीचा काहीतरी उपयोग झाला.

मग या मुलांविषयी बोलायचं कुणी आणि कोणत्या हक्काने? क्लारा पार्क यांनी 'द सीज'मध्ये मुलीला 'एली' हे दुसरंच नाव दिलं होतं. २००१ मध्ये 'एक्झिटिंग निर्वाणा' हे दुसरं पुस्तक आलं तेव्हा ती चाळिशीत होती, नोकरी करत होती, चित्रं काढत होती. त्या पुस्तकात ती आपल्या खऱ्या नावाने, जेसी म्हणून, येते. आणि मालिनी चिब यांनी तर आपली गोष्ट स्वतःच लिहिली. एका बोटाने टाइप करत लिहिली, म्हणून त्या आत्मकथनाचं नाव 'वन लिटल फिंगर'. आई मुलाची दुभाषी असते. त्याच्या तुटक आवाजाचा अर्थ दुकानदाराला, डॉक्टरांना, पाहुण्यांना तीच सांगते. दुभाष्याच्या कामातला मोह मला परिचयाचा आहे: मूळ बोलणारा अडखळला की त्याचं वाक्य आपण पूर्ण करून टाकायचं. शिक्षकाला हा मोह दुहेरी असतो, कारण वाक्य पूर्ण करून घेणं हे त्याचं रोजचं काम. अशा वेळी वाक्य अपुरंच राहू देणं, आणि ते ज्याचं आहे त्याचंच ठेवणं, याला शिकवण्यापेक्षा जास्त संयम लागतो.

शेवटी वेळेचा प्रश्न उरतो, आणि तो सगळ्यांत कठीण. शिक्षकाचा व्यवसाय निरोपावर उभा आहे. जूनमध्ये मुलं येतात, उन्हाळ्याच्या तोंडावर वरच्या वर्गात जातात. ज्या मुलाला काहीच आलं नाही तेही निदान पुढच्या बाईंकडे जातं. वर्षभराच्या अपयशाला मार्च-एप्रिलमध्ये पूर्णविराम मिळतो आणि नव्या पटावर नवी नावं येतात. या चक्रामुळेच शिक्षक तीस वर्षं शिकवू शकतो. घरातलं मूल मात्र वरच्या वर्गात जात नाही. त्याचा पट तोच, बाई त्याच. ते अठरा वर्षांचं होतं तेव्हा १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमाखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करता येतो, म्हणजे मूल कायद्याने सज्ञान झालं तरी त्याच्यासाठी सही कुणी करायची हे ठरतं. पण सही करणारा थकल्यावर काय, हा प्रश्न कागदावर सुटत नाही. शिक्षक मंडळी निवृत्तीच्या दिवशी भाषणात म्हणतात की मी आता शाळेतून मोकळा झालो. ज्याच्या घरी असं मूल आहे, तो हे वाक्य म्हणत नाही.

सुरुवातीच्या प्रश्नाला मी माझ्यापुरतं उत्तर असं देईन. एकाच माणसाने मोजावंही आणि न मोजता धरावंही, हे काही काळ जमतं. आयुष्यभर जमत नाही, आणि ते जमलंच पाहिजे अशी अपेक्षा करणं न्याय्य नाही. त्या जुन्या म्हणीत कौशल्याची गोष्ट नाहीच. आईला तार धरता येत नाही म्हणून सोनार बोलावलेला नाही. सोनाराच्या घरीही कान टोचायची वेळ आली की त्याने शेजारच्या पेठेतल्या दुसऱ्या सोनाराला बोलवावं, आणि स्वतः मांडी घालून बसावं, हे त्यातलं खरं शहाणपण. शिक्षकाच्या मुलालाही दुसरा शिक्षक मिळाला पाहिजे: वर्गात विशेष शिक्षक, तासाभरासाठी प्रशिक्षित हात, आठवड्यातून एक दुपार मुलाला सांभाळणारा शेजारी, रजेचे मोजून दिलेले दिवस. या गोष्टी मिळाल्या तर शिक्षिका घरी आल्यावर काही वेळ शिक्षिका राहणार नाही. मुलाने आज किती शब्द म्हटले हे ती त्या वेळी विचारणार नाही. ती चहा टाकेल, आणि ते तिच्या पदराशी खेळत बसलं असेल तर तसंच बसू देईल.

तसं बसू देण्याची सवड तिला मिळाली पाहिजे. ती देणं हे तिच्या सहकाऱ्यांचं, शाळेचं आणि सरकारचं काम आहे. तिचा धीर थोर आहे, असं म्हणून ते टाळता येणार नाही.